सदतीस टक्के

उमा महिपत पाष्टे रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची, पण कॉलेजच्या हजेरीपटावर ती पाहुणीच होती. तासिका तत्त्वावरची बाई. जितके तास शिकवाल तितक्यापुरत्या तुम्ही कॉलेजच्या. जूनमध्ये नेमणुकीचं पत्र, एप्रिलमध्ये रामराम. अशी बारा वर्षं गेली. तिच्याच हाताखाली शिकून गेलेला हर्षद दुसऱ्या विभागात कायम झाला, आणि स्टाफरूममध्ये खुर्च्या कमी पडल्या की उमा आपणहून उठून उभी राहायला लागली. त्याला वाईट वाटायचं, पण खुर्ची त्याची असायची.

घर पालीच्या पुढे, रस्ता सोडून दीड मैल आत, वाडीत. रोज सकाळी सातची एसटी. घरात आई तुळसा आणि वडील महिपत, ज्यांना ती आबा म्हणायची. आबांनी एकतीस वर्षं मुंबईत एका इस्पितळात वॉर्डबॉयची नोकरी केली. स्ट्रेचर ढकलताना डॉक्टर माणसं त्यांनी फार जवळून पाहिली. ती आली की कॉरिडॉरमधले लोक कसे बाजूला होतात, तेही पाहिलं. मुलगी हुशार निघाली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली, की हिच्या नावाच्या आधी 'डॉक्टर' लागलं पाहिजे. औषधाची डॉक्टर होणं आवाक्यातलं नव्हतं. पुढे उमानं सांगितलं की अभ्यासाचीही डॉक्टरकी असते, तेव्हा ते म्हणाले, "पाटीवर तर तसाच लिवतात ना? मंग झाला."

उमाला आकाशाचं वेड लागलं ते कोल्हापुरात एम.एस्सी. करताना. सहल जुन्नरकडे गेली होती. तिथं उसाच्या आणि कांद्याच्या रानात रेडिओ दुर्बिणीच्या, लोखंडी जाळीच्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा सुटत नाही हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. मग ते पाहायचं कसं, असं तिनं तिथल्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, विवर दिसत नाहीच. पण त्यात पडणारा वायू पडण्याआधी इतका तापतो आणि घुसळतो, की दोन्ही अंगांनी त्याचे फवारे उडतात, दीर्घिकेच्याही बाहेर. ते फवारे रेडिओलहरी सोडतात. कोट्यवधी वर्षं चालून आलेल्या त्या लहरी या तबकड्या झेलतात. विवर पुष्कळ खायला लागलं की लहरी वाढतात, उपाशी राहिलं की मंदावतात. उमा परतीच्या गाडीत कुणाशी बोलली नाही. मैत्रिणींना वाटलं, गाडी लागली.

प्रत्यक्ष संशोधनाला लागायला तिला एकतिसावं वर्ष उजाडलं. मार्गदर्शक मिळाले पुण्याचे डॉ. अनिश बर्वे. तिच्याहून एका वर्षानं लहान, म्हणून ते तिला उमाताई म्हणत आणि ती त्यांना सर. त्यांनी सांगितलं की दुर्बिणीवर वेळ मिळवण्याच्या भानगडीत पडू नका, जुन्या निरीक्षणांचं भांडार सगळ्यांना खुलं असतं. एका दूरच्या दीर्घिकेकडे अकरा वर्षांत सात वेळा तबकड्या वळल्या होत्या, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसांनी, वेगळ्या कामासाठी. ती सातही निरीक्षणं एका माळेत ओवून मधलं विवर काय करतंय ते पाहायचं, असा विषय ठरला.

वाडीत नेटला एवढा जोर कुठला. उमा पुण्याला जाऊन हार्ड डिस्क भरून आणायची आणि मांडीवर धरून आंबा घाट उतरायची. प्रत्येक निरीक्षणातला कचरा निवडायला महिने जायचे. मोबाइलचे मनोरे, उपग्रह, विमानं, सगळ्यांच्या लहरी त्या माहितीत मिसळलेल्या असतात. तांदळातले खडे वेचावेत तसं ते काम. तिनं ते रविवारी केलं, दिवाळीच्या सुट्टीत केलं, मे महिन्यात घामानं बोटं कीबोर्डवरून घसरत असताना केलं. लग्नाची दोन स्थळं याच काळात परत गेली. प्राध्यापकीसाठीची नेट-सेट परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली. विद्यापीठानं नोंदणीला दोनदा मुदतवाढ दिली आणि तिसरी मिळणार नाही असं पत्रात स्पष्ट लिहिलं.

सहाव्या निरीक्षणात ते सापडलं. विवराचा ठिपका आधीच्या पाच वेळांपेक्षा सदतीस टक्क्यांनी तेजस्वी होता. सातव्यात पुन्हा पूर्ववत. म्हणजे मधल्या काळात विवरानं काहीतरी गिळलं होतं. बर्वे सरांनी फोनवर दोनदा विचारलं, "नक्की ना?" तिनं दोनदा तपासून हो सांगितलं. लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. प्रबंध सादर झाला. परीक्षकांनी तो मान्य केला, आणि फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पुण्याला तोंडी परीक्षा ठरली. रत्नागिरीच्या पेपरात फोटोसह बातमी आली. आबांनी कात्रण पालीला नेऊन प्लास्टिकमध्ये दाबून आणलं आणि वाडीतल्या प्रत्येक घरी फिरवलं. त्याच महिन्यात कॉलेजात नऊ वर्षांनी भौतिकशास्त्राची कायम जागा निघाली. अर्जात पीएच.डी. लिहायला मार्चअखेर मुदत होती. इतकी वर्षं अडलेलं सगळं एकाच महिन्यात मार्गी लागणार, असं दिसत होतं.

तोंडी परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी साडेतीनला, प्रात्यक्षिकं संपवून उमा प्रयोगशाळेत एकटी बसली होती. परीक्षक कायकाय विचारतील याची यादी ती करत होती. एक प्रश्न असा निघाला: फक्त तुमचंच विवर उजळलं कशावरून? उत्तर सोपं होतं. त्याच चित्राच्या चौकटीत इकडेतिकडे तेवीस इतर ठिपके होते, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दीर्घिकांचे. त्यांचं तेज जसंच्या तसं होतं असं दाखवलं की प्रश्न मिटला. तिनं ते कधी मोजले नव्हते, कारण तिच्या प्रोग्रॅममध्ये मधला तुकडाच कापून घेतला जायचा. तिनं पूर्ण चौकट उघडली आणि पहिला ठिपका मोजला.

सदतीस टक्के वाढ.

दुसरा मोजला. सदतीस. तिसरा छत्तीस. तिनं तेवीसच्या तेवीस मोजले आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेकडो कोटी प्रकाशवर्षांवर विखुरलेल्या तेवीस दीर्घिका एकाच दिवशी सारख्याच उजळत नाहीत. खोलीतले सगळेच चेहरे एकदम उजळले तर चेहऱ्यांकडे नव्हे, दिव्याकडे बघावं लागतं.

दिवा सापडायला वीस मिनिटं लागली. आकाशातून आलेली लहर किती जोरकस आहे हे ठरवायला एक ठरलेला स्रोत आधी मोजतात, ज्याची किंमत सगळ्या जगाला पाठ असते. सहा वेळा तो स्रोत एकच होता, बावीस किमतीचा. सहाव्या निरीक्षणाच्या दिवशी मात्र तो मावळला होता, म्हणून दुसरा वापरला होता, सोळा किमतीचा. निरीक्षकांनी ते नोंदीत स्वच्छ लिहून ठेवलं होतं, चौथ्या पानावर. उमानं तीन पानं वाचली होती. पाचव्या निरीक्षणाचा प्रोग्रॅम तिनं सहाव्यासाठी जसाच्या तसा उचलला होता आणि त्यात बावीसचा आकडा तसाच राहिला होता. बावीस भागिले सोळा. तिनं ते तोंडी केलं, मग कागदावर केलं, मग कॅल्क्युलेटरवर.

चूक दुर्बिणीची नव्हती, सरांची नव्हती, नेटची नव्हती. आठ वर्षांत कुणावर ढकलता येईल असं त्यात काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी एसटीत बसल्यावर पाली आणि त्यापुढचा आपला थांबा कधी आला आणि गेला हे तिला कळलं नाही. कंडक्टरनं नाणीजला विचारलं, मॅडम, आज पुढं कुठं? ती उतरली आणि परतीची गाडी येईपर्यंत दीड तास थांब्यावर उभी राहिली. बसायला कट्टा होता, पण आपण बसलो तर उठणार नाही असं तिला वाटत राहिलं. समोरून कोल्हापूरकडे जाणारे ट्रक धडधडत जात होते. एकदा ती रस्त्याच्या फार जवळ सरकली. मग पानटपरीवाल्यानं "ताई, मागे व्हा," असं हटकलं, आणि ती मागे झाली.

शुक्रवार आणि शनिवार तिनं स्वतःला खोटं ठरवण्यात घालवले. नोंद चुकली असेल, दुसऱ्या स्रोताची किंमत बदलली असेल, तेवीस ठिपक्यांत आपलीच मोजणी चुकली असेल. एकेक फट तिनं चाचपली आणि प्रत्येक ठिकाणी भिंत लागली. तुळसानं तिच्या ताटात भाकरी तशीच राहिलेली बघून विचारलं, "काय झाला गो तुला?" परीक्षेची धास्ती, असं उमानं सांगितलं. आईनं तिची दृष्ट काढली.

शनिवारी दुपारी तिनं सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन तासांनी फोन करतो म्हणाले, आणि बरोबर दोन तासांनी केला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. मग त्यांनी तारखा सांगितल्या. मंगळवारी तोंडी परीक्षा. परीक्षकांनी प्रबंध आधीच मान्य केलेला. दुरुस्ती लेख छापून आल्यावर वर्षभरानंसुद्धा देता येते, पुष्कळ लोक देतात. एकतीस मार्चला नोंदणी संपते.

"सर, तुम्ही मला थांबायला सांगताय का?"

"नाही. मी फक्त तारखा सांगतोय."

त्या लेखावर त्यांचंही नाव होतं, आणि त्यांच्या प्रकल्पाचं नूतनीकरण त्या लेखावरच अवलंबून होतं. हे तिला ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला. सरांचा रागही तिला करता येईना.

रविवारी सकाळी रत्नागिरीत समाजाचं संमेलन होतं, आणि त्यात तिचा सत्कार. हे महिन्यापूर्वी ठरलेलं. आबांनी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून घेतली होती आणि पहिल्या रांगेतली खुर्ची धरली होती. जायचं नाही असं ती पहाटेपासून ठरवत होती आणि तरी साडी नेसत होती. अध्यक्ष परशुराम गोताड यांनी माईकवर बातमी वाचून दाखवली. वॉर्डबॉयची मुलगी, पालीच्या वाडीतली, आणि तिनं ब्रह्मांडातलं विवर उजळताना पकडलं. शाल अंगावर आली, नारळ हातात आला. दोन शब्द बोला म्हणाले.

उमानं माईक धरला. तिच्या मनात वाक्य तयार होतं. समोर आबा हात जोडून बसले होते, जणू देवळात.

"मी काही विशेष केलेलं नाही," ती म्हणाली.

लोकांना तो विनय वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण खोटं बोललो नाही आणि तरी यापेक्षा मोठं खोटं आयुष्यात कधी बोललो नाही, असं तिला त्या टाळ्यांत उभं राहून वाटलं. ती खाली उतरली आणि हॉलच्या मागच्या नळावर जाऊन तोंड धूत राहिली.

दुपारी घरी जेवणं झाल्यावर आबा पडवीत शालीची घडी नीट करत बसले होते. तेव्हा तिनं सांगितलं. विज्ञानाचे शब्द वापरले असते तर लपायला जागा मिळाली असती, म्हणून तिनं ते वापरले नाहीत.

"आबा, दुकानदार तराजूत वजन टाकतो ना, तसं आम्हालाही वजन टाकावं लागतं. एके दिवशी वजन बदललेलं होतं. मी किलोचं समजले, ते पाऊण किलोच्या आसपासचं होतं. त्यामुळे माल जास्त भरला. विवर उजळलंच नव्हतं."

आबांचे हात थांबले. "म्हंजे पेपरात आला ता?"

"खोटं आहे."

"कुनाला म्हाईत हाय?"

"मला. सरांना. आता तुम्हाला."

तुळसा आतून येऊन दारात उभी राहिली होती. आबा अंगणाकडे बघत होते.

"मंगळवारी ते परीक्षक ह्याच इचारतील?"

"विचारतील कदाचित."

"आनि नाय इचारला तर?"

तीन दिवस उमा याच प्रश्नाभोवती फिरत होती. "तर मी डॉक्टर होईन," ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत विनवणी होती. ती तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि तिला वाटलं, यांनी एक शब्द जरी काढला तर मी थांबेन. खरंच थांबले असते, असं तिनं पुढे आईजवळ कबूल केलं. पण आबा काही बोलले नाहीत. शाल खाटेवर ठेवून ते उठले आणि बागेकडे निघून गेले. दिवेलागणीला परत आले आणि न बोलता जेवले.

सोमवारी दोन तासांच्या मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या टेबलावरून, तिनं नियतकालिकाच्या संपादकांना पत्र पाठवलं. चूक काय, कुठे, कुणाची, आणि लेख मागे घ्यावा ही विनंती. त्याची प्रत विद्यापीठाला आणि सरांना. पाठवल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही. घंटा झाली आणि तिनं प्रथम वर्षाला लोलक शिकवला. एका मुलीनं विचारलं, मॅडम, बरं नाही का?

मग जे व्हायचं ते एकेक करून झालं. तोंडी परीक्षा रद्द झाली. लेख मागे घेतल्याची सूचना छापून आली, आणि नियतकालिकाच्या पानावर तिच्या नावावर आडवी लाल अक्षरं चढली. सरांनी संपादकांना आपलीही संमती कळवली, पण तिला महिनाभर फोन केला नाही. एकतीस मार्चला नोंदणी संपली. मुलाखतीला ती गेली, कारण अर्ज केलेला होता. समितीतल्या एका बाईंनी कागद उलटसुलट करून विचारलं, पीएच.डी. पुरी होत आली होती ना? झाली नाही, असं उमा म्हणाली. जागा चिपळूणच्या मनस्विनी नावाच्या मुलीला मिळाली. एकोणतीस वर्षांची, हुशार, बोलायला गोड. तिचा द्वेष करावा असं उमाला फार वाटलं, पण तेही नीट जमेना.

आबांचा अबोला शिमग्यापर्यंत टिकला. पालखी वाडीत आली, सगळी घरं पालखी ठेवायच्या सहाणेवर जमली, संमेलनाचे अध्यक्ष गोताडही आले होते. देवाला गाऱ्हाणं घालून झाल्यावर आबा पुढे झाले. हातात ती शाल होती. ते म्हणाले की माझ्या लेकीची बातमी खोटी निघाली. तिनंच शोधलं, तिनंच सांगितलं. घरोघरी मी फिरवली होती, म्हणून मीच सांगतो. गोताडांनी शाल घ्यायला नकार दिला. आबांनी ती त्यांच्या हातात कोंबली. लोक खाली बघत होते. कुणीतरी ढोल वाजवायला घेतला म्हणून सुटका झाली. उमा बायकांच्या घोळक्यात उभी होती. भुई दुभंगली असती तर बरं, असं तिला वाटत होतं. तुळसानं तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

घरी येताना आबा पुढे चालले होते. मागे न बघता म्हणाले, "उद्या सातची गाडी हाय ना तुझी? लवकर झोप."

एवढंच. त्या दिवसापासून ते पुन्हा तिच्याशी बोलायला लागले, पण डॉक्टर हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही.

जूनमध्ये नेमणुकीचं पत्र आलं ते निम्म्याच तासांचं, कारण उरलेले तास आता मनस्विनीचे होते. रिकाम्या दुपारी करायचं काय, म्हणून उमानं सहावं निरीक्षण पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. चारही पानं वाचून. सप्टेंबरात काम संपलं. सातही वेळा विवर जसंच्या तसं. अकरा वर्षं त्यानं काही गिळलं नाही, काही ओकलं नाही. तिनं ते आकडे सरांना पाठवले. बरोबर काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतंच.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज थकलेला होता. त्यांच्या प्रकल्पाचं नूतनीकरण झालं नव्हतं. ते म्हणाले, बदल न होणं हीसुद्धा माहिती असते, दोन पानांचं टिपण होईल. कुणी फारसं वाचणार नाही. आणि नव्यानं नोंदणी करायची असेल तर फॉर्म पाठवतो.

"किती वर्षं लागतील, सर?"

"चार. कदाचित पाच."

तिनं मनात बेरीज केली. तेव्हा ती पंचेचाळिशीला पोचलेली असेल, आणि आबा असतील की नसतील. विचार करते, असं ती म्हणाली. फॉर्म आला. तो तीन आठवडे कपाटात कपड्यांखाली पडून होता. करायचं नाही असं तिनं कितीतरी वेळा ठरवलं, आणि तसं ठरवलेल्या प्रत्येक दिवशी ते दिवस जास्तच रिकामे वाटले. आशा म्हणावी असं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. पण दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं, आणि हे आता थोडं थोडं यायला लागलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी एसटीला वेळ होता, तेव्हा पडवीत बसून तिनं फॉर्म भरला. तिसऱ्या पानावर चौकट होती, पूर्वीची नोंदणी रद्द झाल्याचे कारण. तिनं आधी 'तांत्रिक' असं लिहिलं. थोडा वेळ त्या शब्दाकडे बघितलं, तो खोडला, आणि वर लिहिलं, 'मोजमापात माझी चूक झाली.'

आबा आतून चहा घेऊन आले. त्यांनी कागदाकडे पाहिलं. कप तिच्यापासून जरा लांब ठेवला, कागदावर सांडू नये म्हणून.